वासंतीच्या लग्नातलं माझं गाणं

अजान व्हायची, अब्बा नमाज पढून यायचे आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून क्लॅरिनेट वाजवायला बसायचे. भिंतीकडे तोंड अशासाठी, की शेजाऱ्यांची झोप मोडू नये. शेजाऱ्यांची मोडायची की नाही ठाऊक नाही, आम्हा भावंडांची मात्र रोज मोडायची. आधी नुसते लांब, सरळ सूर, एकेक श्वास संपेपर्यंत धरलेले. मग त्या सुरांतून भैरव किंवा तोडी हळूहळू वर यायची. उजाडेपर्यंत हे चालायचं. उजाडलं की क्लॅरिनेट पेटीत जायची आणि अब्बा बँडवाले व्हायचे. घोरपडे पेठेत रस्त्याला लागून आमचा बँडचा गाळा होता आणि गाळ्याच्या मागं दोन खोल्यांचं घर. लग्नसराईत दारात पितळेची वाद्यं मांडलेली असत, चिंचेच्या कोळानं घासून लख्ख केलेली. अम्मी दिवसभर वाजवणाऱ्यांच्या लाल कोटांवर उसवलेली सोनेरी झालर टाचत बसायची. घरात चिंचेचा आंबट वास, घामेजल्या कोटांचा वास आणि अम्मीच्या मसूर-खिम्याचा वास असे तिन्ही वास एकत्र नांदायचे. आमच्या घरातली बोली दखनी. पण मी शिकले मराठीत, रडले-भांडले मराठीत, म्हणून अब्बा-अम्मीचं बोलणंही इथं मराठीतच लिहिते आहे. त्यांचा सूर त्यात नाही आला तर तो माझा कमीपणा.

पहाटेचे राग अब्बांनी रस्त्यावर कधी वाजवले नाहीत. रस्त्यावर सिनेमाची गाणी. लोक जे मागतील ते. मी एकदा विचारलं होतं, "अब्बा, सकाळचं कधी वाजवत नाही तुम्ही वरातीत?" तर म्हणाले, "वरात त्यांची, गाणं त्यांचं. आपली फक्त फुंकर." हे ते हसून म्हणाले होते. त्यांना लहानपणी एका उस्तादांनी शिकवलं होतं, पण घर चालवायला बँड घ्यावा लागला. बँडवाल्याची जागा मांडवाबाहेर. नवरदेव घोड्यावरून उतरला की तो आत जातो, त्याचे पाहुणे आत जातात, आणि बँडवाले बाहेर फुटपाथवर वाद्यं खाली ठेवून घाम पुसतात. जेवण मिळतं, नाही असं नाही. सगळ्या पंगती उठल्यावर, मागच्या दारानं. पुण्यातल्या झाडून सगळ्या कार्यालयांची मागची दारं अब्बांना माहीत होती.

मी गाऊ लागले तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला आणि सर्वांत जास्त धास्ती अम्मीला. अब्बांनीच मला नारायण पेठेतल्या बाईंकडे नेऊन सोडलं. बाई एकट्या राहत, शिकवण्या करत. अब्बा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मुलीचा आवाज ऐकून बघा. नाही बरा वाटला तर तसं सांगा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही." बाईंनी मला सा लावायला सांगितला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "वेळेवर यायचं. नागा करायचा नाही. बाकी काही म्हणणं नाही माझं." अब्बांनी मला काय शिकवलंय, किती शिकवलंय, हे त्यांनी विचारलं नाही आणि आमचं आडनावही विचारलं नाही. त्या काळात मला ही फार मोठी गोष्ट वाटली होती. मंडईवरून, लक्ष्मी रस्ता ओलांडून मी रोज नारायण पेठेत चालत जायची. बाईंच्या खोलीत तंबोऱ्यापाशी माझ्या शेजारी बसायची ती वासंती.

वासंतीचं घर त्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. तिचे वडील एका कॉलेजात शिकवायचे. मी त्यांना काका म्हणायची आणि तिच्या आईला काकू. या घराबद्दल मला खोटं काही लिहायचं नाही. माझा कप तिथं वेगळा नव्हता. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून साबुदाण्याची खिचडी खाल्ली आहे, काकूंनी माझ्या केसांना तेल लावलं आहे. ईदला अम्मी डबा भरून शीरखुर्मा द्यायची आणि काका स्वतः वाटीत घेऊन खायचे, "अम्मींना सांग, पुढच्या वर्षी बदाम थोडे कमी घातले तरी चालतील, आम्ही तरीही खाऊ," असं त्यांच्या कोरड्या ढंगात सांगायचे. सभांमध्ये ते माणूस एक आहे वगैरे बोलायचे आणि ते बोलणं मला खरं वाटायचं, कारण माझ्या हातात त्यांच्याच घरची वाटी असायची. वेगळा कप असता तर मी सावध राहिले असते, असं पुढं पुष्कळदा मनात आलं.

वासंतीचं लग्न ठरलं ते वाईच्या मुलाशी. तो इंजिनिअर होता, नोकरी खडकवासल्याच्या बाजूला. वासंतीनं घरात जाहीर केलं की तिच्या लग्नात सिनेमातलं एकही गाणं वाजणार नाही. सकाळी सनई, आणि मंगलाष्टकं नेहमीच्या त्या एकसुरी चालीत नाहीत, तर रागांमध्ये बांधून गायची. "आणि ती शमीम गाणार," ती म्हणाली. मी तिथंच होते, शेंगा सोलत होते. काका म्हणाले, "वा." काकू माझ्याकडे बघून हसल्या. मला आठवतं, शेंगांच्या टरफलांत मी दाणे टाकत होते आणि ताटात टरफलं, इतकी मी भांबावले होते.

मग आमचे ते दिवस सुरू झाले. आयुष्यातले खरोखर सुखाचे असे दिवस मला मोजायला सांगितले तर ते त्यांत येतील, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. रोज शिकवणी झाली की आम्ही दोघी वासंतीच्या गच्चीवर बसायचो. कुठलं कडवं कुठल्या रागात, यावर भांडायचो. तिला यमन हवा होता. मी म्हटलं, मुहूर्त दुपारी बाराच्या आधीचा, तेव्हा संध्याकाळचा यमन कुठून आणायचा? ती म्हणाली, "माझं लग्न आहे, सूर्याला सांग, आज लवकर मावळ." गणपतीचं कडवं देसकारात बसलं. नद्यांचं कडवं अल्हैया बिलावलमध्ये असं वाहिलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिसरं कडवं वासंतीच्या आत्यानं रचलेलं होतं, त्यात दोन्ही घराण्यांची नावं कोंबलेली होती आणि वृत्त जागोजागी मोडत होतं. ते कुठल्याच रागात बसेना. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अशा कवितेला भैरवीच. ऐकून लोक उठतील." शेवटचं कडवं, ज्यानंतर अंतरपाट दूर होतो, त्यासाठी वासंतीला जौनपुरी हवी होती. तिला म्हणे त्या क्षणी थोडं रडू यायला हवं होतं.

मी घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते कोटाची बटणं लावत होते. हातातलं काम टाकून म्हणाले, "जौनपुरी नको. पोरगी घर सोडून चाललीय ते आईबापाला ठाऊक असतं, गाऊन कशाला सांगायचं? सारंग घे, वृंदावनी. भर दुपारचा राग आहे, त्यात ऊन असतं. पडदा बाजूला झाला की दोघांनी एकमेकांना उन्हात बघावं." आणि त्यांनी क्लॅरिनेट काढली, दिवसाढवळ्या, गाळ्यात. सारंग वाजवून दाखवला. वर जाताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. "या कोमल निषादावर जरा थांबायचं," ते म्हणाले. "घाई करायची नाही. लोकांच्या हातात अक्षता असतात, ते उतावीळ झालेले असतात. तू नाही व्हायचं." दुसऱ्या दिवशी वासंतीला मी सारंग ऐकवला आणि तिनं जौनपुरीचा हट्ट सोडला. अब्बांनी सुचवला हे सांगितल्यावर म्हणाली, "मास्तरांना म्हणावं, तुमचंच ऐकलं." बँडमुळे सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा.

बँड मात्र वासंतीला नको होता. हे मला अब्बांना सांगायचं संकट वाटत होतं, पण त्यांनीच विषय काढला. "तिला सांग, बँड ठेवू नको. सनईवर आणि तुझ्या गाण्यावर बँड म्हणजे श्रीखंडावर रस्सा." तरी बँड आलाच. मुलाकडच्यांना वाजतगाजत यायचं होतं आणि त्यांच्या कोणा नातेवाइकानं आमच्याच गाळ्यात येऊन सुपारी दिली. अब्बांना गंमत वाटली. रात्री जेवताना ते अम्मीला म्हणाले, "बघ, बाप दाराबाहेर आणि लेक मांडवात. निम्मं घर तरी आत गेलं."

अम्मी भाकरी भाजत होती. तिनं मागं न बघता विचारलं, "त्यांच्या लग्नात ही पुढं बसून गाणार, हे त्यांच्या सगळ्यांना ठाऊक आहे?"

"वासंतीच्या वडलांनी स्वतः सांगितलंय," अब्बा म्हणाले.

"त्यांनी सांगितलंय ते कळलं. मी सगळ्यांचं विचारलं."

अब्बा म्हणाले, तुला प्रत्येक ताटात खडा दिसतो. मलाही तसंच वाटलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकांनी कोणाकडून तरी टेपरेकॉर्डर आणला. दोन मोठ्या चकत्यांचा, जड, सुटकेसएवढा. त्या काळी ती कौतुकाची वस्तू होती, गल्लीतली माणसं बघायला आली. काका म्हणाले, "शमीम, लग्नाच्या गडबडीत कोणाचं लक्ष लागायचं नाही. आत्ता शांतपणे एकदा गाऊन ठेव. आठवण राहील वासंतीला." दुपारी खिडक्या लावून घेतल्या, रस्त्यावरच्या भांडीवालीला काकूंनी पुढं जायला सांगितलं, आणि मी सगळी मंगलाष्टकं गायले. काकांनी ऐकलं आणि परत म्हणायला लावलं. पहिल्या वेळी बाहेरून सायकलची घंटा आली होती. "स्वच्छ हवं," ते म्हणाले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा वासंती माझ्या गळ्यात पडली. स्वतःचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो मला परका वाटला, जरा जाड, पण सुरात. काकूंनी मला ओल्या नारळाची करंजी दिली. आठवणीसाठी इतका खटाटोप आणि इतका स्वच्छपणा कशाला, हा प्रश्न मला पडला नाही. सतरा-अठराव्या वर्षी आपल्या आवाजाचं कोणी इतकं करतंय म्हटल्यावर प्रश्न पडत नाहीत.

लग्नाच्या दिवशी मी अम्मीची मोतिया रंगाची रेशमी साडी नेसले. अब्बा बँड घेऊन मुलाकडच्यांच्या बिऱ्हाडी गेले होते, म्हणून मी एकटीच टांग्यानं गेले. कार्यालयात सनई चालू होती. मी आधी वासंतीच्या खोलीत गेले. ती पिवळ्या अष्टपुत्रीत बसली होती, बायका तिला मुंडावळ्या बांधत होत्या. मी म्हटलं, "तंबोरा कुठं ठेवलाय? जुळवून घ्यायला हवा."  तिनं काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "शमीम, तुला काकांनी बोलावलंय, जिन्यापाशी आहेत."

काका जिन्यापाशी उभे होते, नवं धोतर, डोक्याला पगडी. मला त्यांनी थोडं बाजूला घेतलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, समजूतदार.

"हे बघ, तू आम्हाला परकी नाहीस. हे तुला सांगायला नको."

"नाही काका."

"मुलाकडची मंडळी वाईची. जुन्या वळणाची. बोहल्यासमोर बसून मंगलाष्टकं म्हणणारी मुलगी कोण, कुठली, असं कोणी विचारलं, की मग उगाच बोलणं वाढतं. लग्नाचं घर आहे. तर आपण ती टेप लावू. तुझंच गाणं आहे, तुझाच आवाज. तू आरामात समोर बसून ऐक."

मी विचारलं, "कोणी काही म्हणालं का?"

"म्हणायच्या आत काळजी घ्यावी माणसानं," ते म्हणाले. "तू शहाणी मुलगी आहेस." आणि वर कोणी हाक मारली म्हणून ते गेले. मी जिन्यापाशी उभी राहिले. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की खिडक्या लावल्या तेव्हाच ठरलं होतं. ओल्या नारळाची करंजी हातावर ठेवली तेव्हाही ठरलेलं होतं. मी परत वासंतीच्या खोलीच्या दाराशी गेले. तिनं मान वर न करता म्हटलं, "बाबांनी ठरवलं गं. मी काय करू?" तिच्या हातात हिरवा चुडा भरलेला होता आणि ती तो उगाच फिरवत होती. आजही मला वाटतं, की ती एवढं म्हणू शकली असती: शमीम गाणार नसेल तर नेहमीची चाल म्हणा. एवढंच. लग्न मोडलं नसतं. यमनासाठी ती सूर्य लवकर मावळवायला निघाली होती.

मी निघून का गेले नाही, असं माझ्या मुलीनं विचारलं होतं. दाराबाहेर अब्बा होते, म्हणून. मी बाहेर पडले असते तर पहिला मला बघणारा माणूस तो असता. मी आत गेले आणि खुर्च्यांच्या मधल्या रांगेत बसले. चार-पाच खुर्च्या सोडून आमच्या गाण्याच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मला खाली बसलेली बघितलं, मग बोहल्याकडे बघितलं, आणि मग पदर सारखा करून समोर बघत राहिल्या.

टेप सुरू झाली. बोहल्याच्या मागं कुठंतरी ते यंत्र ठेवलं होतं आणि कर्णे लावले होते, आत आणि बाहेर दोन्हीकडे. माझा आवाज सबंध कार्यालयात भरला. देसकार, मग बिलावल. लोकांची कुजबुज थांबली. माझ्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "काय गोड गळा आहे. कोण गं?" शेजारीण म्हणाली, "टेप आहे." माझ्या हातात कोणीतरी अक्षता दिल्या होत्या. त्या मी प्रत्येक कडव्याला टाकल्या, सगळ्यांसारख्या. माझ्याच गाण्यावर मी अक्षता टाकल्या. सारंगाचं कडवं आलं तेव्हा लोक उतावीळ झालेच होते, आणि मी त्या कोमल निषादावर थांबले, नीट थांबले, आणि मग 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला झाला, टाळ्या झाल्या, आणि बाहेर रस्त्यावर अब्बांनी बँड सुरू केला.

जेवणाच्या पंगतीत मी वाढायला उभी राहिले, कारण बसून जेवणं मला जमलं नसतं. मठ्ठ्याचं भांडं हातात होतं. मुलाच्या आत्याबाई, नऊवारीतल्या, ठसठशीत, बोलायला मोकळ्या, त्या काकूंना शोधत आल्या. म्हणाल्या, "विहीणबाई, ती मंगलाष्टकं कोणी म्हटली हो? मला त्या पोरीला भेटायचंय. मी साडी काढून ठेवलीय तिला."

काकू माझ्यापासून हाताच्या अंतरावर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "माझ्या नणंदेची मुलगी, मुंबईची. तिला यायला जमलं नाही, म्हणून टेप करून पाठवली."

"अगं बाई. यायला हवं होतं तिनं," आत्याबाई म्हणाल्या. "समोर बसवून ऐकलं असतं. आमच्याकडे सगळ्यांना गाण्याचं वेड. आमच्या वाईला सणाला दरसाल दूरदूरहून गवई येतात, कोणी पंडित, कोणी खाँसाहेब. आमच्याच घरी उतरतात." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मठ्ठा घाल गं बाळ थोडा. छान आहे."

मी मठ्ठा घातला. म्हणजे कोणी काही म्हणणारच नव्हतं. वाईच्या मंडळींना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. भीती नारायण पेठेतली होती, आणि ती वाईच्या नावावर घातली होती. पलीकडच्या पंगतीत बाई जिलेबी मोडत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, इतक्या त्या जवळ होत्या. त्या जिलेबीकडेच बघत राहिल्या. मी नंतर त्यांच्या शिकवणीला गेले नाही आणि त्यांनीही कधी निरोप पाठवला नाही. नागा करायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं ना.

मी मागच्या दारानं बाहेर पडले. तिथंच बँडची माणसं जेवणाची वाट बघत उभी होती, लाल कोटांची बटणं उघडी टाकून. अब्बा भिंतीला टेकून बसले होते. मला बघितल्यावर ते उठून उभे राहिले. माझा बाप माझ्यासाठी उठून उभा राहिला, असं आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही. त्यांचे डोळे ओले होते आणि ते लपवायला ते क्लॅरिनेट पुसत होते.

"सगळं ऐकू आलं," ते म्हणाले. "एक सूर हलला नाही. मी यांना सांगितलं, कोणी तोंडातून आवाज काढायचा नाही, माझी लेक गातेय."

ढोलवाले चाचा म्हणाले, "मास्तरांनी आम्हाला खोकू दिलं नाही."

"कुठं बसवलं होतं तुला?" अब्बांनी विचारलं.

मी म्हटलं, "बोहल्याच्या उजव्या हाताला."

"तंबोरा कोणी धरला?"

"वासंतीच्या मावशीनं."

"कर्ण्यातून आवाज जरा जाड लागला."

"माइक फार जवळ होता," मी म्हटलं.

"असेल. निषादावर थांबलीस ते फार चांगलं केलंस. लोक काय म्हणाले?"

"मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, गळा गोड आहे. साडी देत होत्या. मी घेतली नाही."

"बरं केलंस," अब्बा म्हणाले. "गाण्याचं घ्यायचं नसतं." मग ते चाचांकडे वळले आणि साडीची गोष्ट त्यांना पुन्हा सांगू लागले, मी तिथं उभी असतानाच.

घरी अम्मीनं एकच विचारलं. "समोर बसून गायलीस?" मी म्हटलं, हो. ती माझ्या साडीकडे बघत होती. तंबोऱ्याशी मांडी घालून बसलं की रेशमी साडीला गुडघ्यापाशी चुण्या पडतात. माझ्या साडीला पडल्या नव्हत्या. तिनं साडी हातात घेतली, घडी केली आणि पेटीत ठेवली. 

अब्बा मात्र बोलत राहिले. गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला, चहावाल्याला, स्वारगेटला भेटणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरला, ते सांगायचे की त्या मोठ्या कार्यालयात बोहल्याशेजारी बसून माझी मुलगी गायली. सांगण्यात भर पडत गेली. आत्याबाईंनी साडी दिली, मग शाल दिली, मग डोक्यावर हात ठेवला. मी ऐकत असायची आणि मान डोलवायची. गाणं मी थांबवलं होतं. आवाज बसलाय म्हणून सांगितलं. काही महिन्यांनी ते खरंही झालं, न वापरलेल्या आवाजाचं जे होतं ते.

हल्ली लग्नांत शास्त्रीय संगीत लावायची पद्धत पुन्हा आली आहे. जेवणाच्या हॉलमध्ये बारीक आवाजात सतार चालू असते आणि तिच्यावर कोणी पनीर मोठ्यानं मागत असतं. मी गेले की असल्या कर्ण्यांपासून लांबची खुर्ची शोधते. वासंती मला पुष्कळ वर्षांनी लक्ष्मी रस्त्यावर एका साड्यांच्या दुकानात भेटली. म्हणाली, "तुझी टेप अजून आहे हं आमच्याकडे. यांना फार आवडते." मी म्हटलं, "असू दे." तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं, असं वाटलं. मी बिल द्यायला निघून गेले.

माझं लग्न ठरलं तेव्हा अब्बांनी मला गाळ्यात बोलावलं. वाजवणारे सगळे बसले होते. ते म्हणाले, "तुझ्या लग्नात काय वाजवायचं ते तू सांगायचं. सिनेमाचं नको म्हणालीस तर सिनेमाचं नाही. मी या सगळ्यांना महिनाभर बसवतो. सकाळचं वाजवतो ना, ते वाजवू. रस्त्यावर. सारंग वाजवू." चाचा म्हणाले, "मास्तरांनी सुरुवातही केलीय."

मला तो सारंग ऐकायचा नव्हता. माझ्या लग्नाच्या दिवशी तर नाहीच. त्यातल्या निषादावर मी पुन्हा खुर्चीत बसले असते, हातात अक्षता घेऊन. मी म्हटलं, "नको अब्बा. साधंच होऊ द्या. काहीच नको वाजवायला."

"बँडसुद्धा नको?"

"नको."

ते रागावले नाहीत. "बरं," म्हणाले. मी मागच्या खोलीत आले तेव्हा त्यांचा आवाज पडद्यापलीकडून ऐकू आला. ते अम्मीला सांगत होते, "ती मोठ्या लोकांच्या मांडवात बसून गायलेली पोर आहे. तिला रस्त्यावरचा बँड कसा आवडेल. बरोबर आहे तिचं." अम्मी पडदा सारून माझ्याकडे आली. हलक्या आवाजात म्हणाली, "सांगून टाक त्यांना." मी म्हटलं, "काय सांगू?"  खरं सांगितलं असतं तर बँडची लाज वाटते हा समज गेला असता, आणि त्याबरोबर बोहल्याच्या उजव्या हाताला बसलेली मीही गेले असते. दोहोंपैकी त्यांच्याकडे काय राहू द्यायचं, हे मला ठरवायचं होतं. काकांना, काकूंना, वासंतीला हे कधी ठरवावं लागलं नाही. त्यांनी टेप बंद केली आणि त्यांचं काम झालं.

माझा निकाह झाला त्या दिवशी बँडची सगळी माणसं साध्या कपड्यांत आली होती. लाल कोटांशिवाय ती मला अनोळखी वाटली. ती बिर्याणी जेवली, समोरच्या दारानं आत येऊन, पहिल्या पंगतीत. अब्बा दारात उभे राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते. कोणी विचारलं, "मास्तर, आज घरच्या लग्नात बँड नाही?"

"मुलीला शांतता आवडते," अब्बा म्हणाले, आणि पुढच्या पाहुण्याच्या हातावर अत्तर लावू लागले.